गस्त हवीच, पण काठीच्या आधी वही हवी

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण विषय आपल्या सगळ्यांच्या झोपेचा आहे, म्हणून जरा सवड काढून शेवटपर्यंत वाचा.

गावात कुठं घर फुटलं, कुणाची मोटारसायकल गेली, कुणाच्या विहिरीवरची केबल कापून नेली, की पुढचे आठ दिवस काय होतं हे आपल्याला पाठ झालंय. पहिल्या दिवशी फोटो फिरतात. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर नवीन ग्रुप निघतो. तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर ठरतं की आता आपणच रात्री फिरायचं. पोरं उत्साहानं चार रात्री फिरतात, बॅटऱ्या मारतात, पाचव्या रात्री पाऊस येतो नाहीतर क्रिकेटची मॅच असते, आणि दहाव्या दिवशी त्याच ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं पडायला लागतात. पुढची चोरी होईपर्यंत सगळं शांत.

मी या गस्तीच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. उलट आपल्या प्रत्येक गल्लीत, आळीत, पाड्यावर रहिवाशांचं एक कायमचं मंडळ असावं असं माझं स्पष्ट मत आहे. पण ते कसं असावं यावर नीट बोलायला हवं. कारण चुकीच्या पद्धतीनं काढलेली गस्त काय करू शकते हे आपल्याच डोंगरपट्ट्यानं दोनदा बघितलंय. त्यावर खाली येतोच.

आधी आपली अडचण काय आहे ते बघू. पेठ तालुका म्हणजे डोंगर, दऱ्या आणि विखुरलेले पाडे. नाशिककडून यायचं तर सावळघाट, मग कोटंबीचा घाट. पुढं गेलं की गुजरातची हद्द. मोठा रस्ता मधून जातो, रात्रभर गाड्या चालू. गुन्हा करून तासाभरात दुसऱ्या तालुक्यात, नाहीतर दुसऱ्या राज्यात जाता येतं. पोलिसांची गाडी एका टोकाच्या पाड्यावर गेली तर दुसऱ्या टोकाला पोहोचायला किती वेळ लागेल याचा हिशोब तुम्हीच करा. ११२ ला फोन लावायचा तर कित्येक पाड्यांवर रेंज शोधायला टेकडीवर चढावं लागतं. यात एकट्या पोलिसांना दोष देऊन भागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे स्थलांतर. भात, नागली, वरई घरात आली, दिवाळी झाली, की आपल्या तालुक्यातली किती कुटुंबं दिंडोरी-निफाडकडं द्राक्षाच्या कामाला जातात हे कुणाला सांगायला नको. पाड्यावर मागं उरतं ते म्हातारं माणूस आणि शाळेतली पोरं. होळीपर्यंत निम्म्या घरांना कुलूप. त्या कुलपाआड असतं काय? वर्षाचं धान्य, चार भांडी, एखादा चांदीचा दागिना, शेजाऱ्याच्या भरवशावर सोडलेली शेळी. शहरातल्या माणसाला ही चोरी किरकोळ वाटते. इथं शेळी गेली म्हणजे पोराच्या शाळेचा नाहीतर दवाखान्याचा खर्च गेला.

आणि इथंच कायद्यातली एक गोष्ट माहीत असू द्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या साध्या चोरीसाठी सवलत आहे. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्यानं माल परत केला तर समाजसेवेची शिक्षा. अशी चोरी अदखलपात्र धरली जाते, म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. राहत्या घरात शिरून केलेल्या चोरीला मात्र वेगळं आणि कडक कलम आहे, तिथं ही सवलत नाही. भुकेपोटी चोरी करणाऱ्याला तुरुंगात सडवू नये हा त्यामागचा विचार मला मान्य आहे. पण ज्याची उघड्यावरची चार हजारांची वस्तू गेली आणि ज्याच्याकडं दुसरं काहीच नव्हतं, त्याच्या पदरात काय पडतं? त्याला वाटतं, आपलं कुणी ऐकत नाही. मग तो काठी हातात घेतो.

म्हणून मंडळ हवं. पण कसलं?

आता त्या दोन घटना.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आपल्यासारखंच आदिवासी गाव, आठवडे बाजाराचा रविवार. मंगळवेढा भागातून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथं उतरले. त्याआधी कित्येक दिवस मोबाईलवर पोरं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज चालू होते. जमावाला संशय आला. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि पाचही जणांना मारून टाकलं. ते कुणाचं पोर पळवायला आले नव्हते. पुढं २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयानं सात जणांना जन्मठेप दिली. म्हणजे पाच घरं तिकडं उजाड झाली आणि सात घरं इकडं.

१६ एप्रिल २०२०. लॉकडाऊनचे दिवस. पालघर जिल्ह्यातलं डहाणू तालुक्यातलं गडचिंचले. चोर फिरतायत, मुलं पळवणारे फिरतायत, किडन्या काढणारे फिरतायत अशा अफवा. गावोगाव लोक रात्री पहारा देत होते. तोही गस्तीचाच प्रकार, आपण म्हणतो तसाच. सुरतकडं निघालेली एक गाडी अडवली गेली. गाडीत दोन साधू आणि एक चालक. पोलीस तिथं पोहोचलेले असतानाही तिघांना जमावानं ठार मारलं. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. त्या रात्री ती अक्षरशः खरी झाली. पुढं शंभराहून जास्त लोक अटकेत गेले. त्यांच्या घरच्यांचे कोर्टाचे हेलपाटे, वकिलाचे पैसे, गावाला लागलेला डाग, यातलं काही व्हॉट्सअ‍ॅपवर आलं नाही.

ही दोन्ही गावं काही राक्षसांची नव्हती. तिथं रात्री जागणारी माणसं तुमच्या-माझ्यासारखी होती, आपल्या लेकरांसाठी घाबरलेली. तिथं काय नव्हतं ते बघा. गस्तीला कोण आहे याची यादी नव्हती. संशय आला तर कुणाला फोन करायचा हे ठरलेलं नव्हतं. आलेला मेसेज खरा की खोटा हे तपासणारा कुणी नव्हता. आणि गर्दीत "थांबा" म्हणायचा अधिकार कुणाला दिलेला नव्हता. भीती होती, काठ्या होत्या, अंधार होता. बाकी काही नव्हतं.

२०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना भागात रात्री ड्रोन फिरतायत, ते चोरांचे आहेत, अशी हूल उठली होती. गावंच्या गावं रात्रभर जागी. भीतीची साधनं बदलतात, काल पोरं पळवणारी टोळी, आज ड्रोन. आपल्याकडं पुढच्या वर्षी आणखी काहीतरी येईल. त्या रात्री आपल्याकडं वही असेल की नुसतीच काठी, हे आज ठरवायचं आहे.

आता कुणी म्हणेल, "अनोळखी माणसाला विचारायचं पण नाही का?" विचारायचं. जरूर विचारायचं. पण पेठेत अनोळखी माणूस म्हणजे कोण ते डोळ्यांसमोर आणा. भांडी विकणारा, जडीबुटीवाला, मेंढरं घेऊन जाणारा, नंदीबैलवाला, टॉवरचं काम करायला आलेला परप्रांतीय मजूर, रस्ता चुकलेला गुजरातचा ड्रायव्हर. यातल्या काहींच्या माथी तर चोरीचा शिक्का इंग्रजांनीच मारला. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि माणूस जन्मतःच गुन्हेगार ठरला, पोलिसांकडं हजेरी लावल्याशिवाय गाव सोडायची बंदी झाली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. सत्तरहून जास्त वर्षं झाली. पण चोरी झाली की पहिला संशय अजूनही पालांवरच जातो. आणि जरा हेही आठवा की आपली माणसं जेव्हा निफाडला, दिंडोरीला मळ्यात झोपडी टाकून राहतात, तेव्हा तिथं ती अनोळखी असतात. तिथं मोटार चोरीला गेली तर पहिला संशय कुणावर जातो? आपल्या माणसाला तिथं जसं वागवावं असं वाटतं, तसंच इथं आलेल्याला वागवायला हवं. एवढं साधं आहे.

बरं, मग करायचं काय? रस्ता आहे आणि तो कायद्यातच आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ प्रमाणं जिल्हा पोलीस अधीक्षकांना गावात स्वयंसेवकांचं सुरक्षा दल नेमता येतं. यालाच आपण ग्रामसुरक्षा दल म्हणतो. गावात १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याखाली पोलीस पाटील असतो, गावातली खबर ठाण्याला देणं हे त्याचं कामच आहे. शिवाय आपल्या जिल्ह्यात ग्राम सुरक्षा यंत्रणा म्हणून फोनची सोय आहे. एका माणसानं टोल फ्री नंबरवर बोललेला निरोप गावातल्या सगळ्या नोंदवलेल्या फोनवर एकाच वेळी जातो. साधा फोनसुद्धा चालतो, इंटरनेट लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा हे कधीही बरं, कारण निरोप कुणी दिला हे कळतं. बिननावी फॉरवर्डला तिथं जागा नाही. तुमचा नंबर त्यात नोंदवलेला आहे का, एकदा विचारून घ्या.

एक घोळ मात्र नेहमी होतो. ग्रामरक्षक दल वेगळं. ते दारूबंदी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती करून आणलं, बेकायदा दारूची खबर देण्यासाठी. अण्णा हजारे यांच्या पाठपुराव्यातून ते आलं. दोन्हींची सरमिसळ करू नका.

पेठ शहराची अडचण आणखी वेगळी आहे. ग्रामपंचायत होती तोवर ग्रामसभा होती. भांडण होई, आरडाओरडा होई, पण सरपंचाला तोंडावर विचारता येई की खांबावरचा दिवा कधी लागणार. नगरपंचायत झाली, सतरा प्रभाग झाले, सतरा नगरसेवक झाले. ग्रामसभा मात्र गेली. बाहेरच्या पाड्यांना पेसा कायद्यानं ग्रामसभेचे मोठे अधिकार आहेत, गावातले तंटे रूढीप्रमाणं मिटवायचेसुद्धा. शहरातल्या आपल्याला तशी बसायची जागाच उरली नाही. म्हणून मला वाटतं, प्रभागाचं रहिवासी मंडळ हे नुसतं चोर पकडायचं साधन नसावं. चोरी हे निमित्त. बंद दिवे, मोकळी सोडलेली बांधकामं, रात्री स्टँडवर उतरणाऱ्या पोरींना घरी जायचा अंधारा रस्ता, उघड्यावर चालणारी दारू, हे सगळं त्या मंडळानं बोलायला हवं. ज्या गल्लीत दिवा लागतो तिथं गस्तीला माणसं कमी लागतात.

भिवंडीचं उदाहरण देतो. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी ते शहर पोळलं होतं. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथं पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. नेहमीच्या पुढाऱ्यांवर भिस्त न ठेवता गल्लीतली साधी माणसं घेतली, दोन्ही समाजांची. आणि समितीची जबाबदारी साहेबांपेक्षा खालच्या हवालदारांकडं जास्त दिली. दंगल असो नसो, बैठक व्हायचीच. नळाचं भांडण, मुलांची मारामारी, तिथंच मिटायचं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. तिथला प्रश्न दंगलीचा होता, आपला चोरीचा आहे. पण किल्ली एकच. संकट येण्याआधी माणसं एकमेकांना नावानं ओळखत होती, आणि गल्लीला आपला पोलीस माहीत होता.

आता माझं म्हणणं मुद्द्यांनी सांगतो.

१. वही करा. गस्तीला कोण, किती वाजता, कोणत्या रस्त्यानं, हे लिहा. त्या यादीची एक प्रत पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. यादीत नाव नसलेला माणूस गस्तीला नको. दारू प्यायलेला तर अजिबात नको, मग तो कुणाचाही पाव्हणा असो.

२. हत्यार नको. बॅटरी, शिट्टी, फोन. कोयता-कुऱ्हाड घेऊन निघाला तर तुमच्यात आणि चोरात रात्री फरक कसा करायचा?

३. मारायचं नाही. हा नियम सगळ्यात वर लिहा. डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला साधा नागरिकही धरू शकतो, तो अधिकार कायद्यानं दिला आहे. पण नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणं त्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. नुसत्या संशयावरून कुणाला बांधून ठेवायचा अधिकार कुणालाच नाही. आणि पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मठिकाण अशा कारणावरून कुणाचा जीव घेतला तर त्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते. "मी फक्त बघत होतो, व्हिडिओ काढत होतो" हे कोर्टात किती चालेल याचा विचार करा.

४. एक जण "थांबवणारा" ठरवा. प्रत्येक रात्रीच्या तुकडीत एक माणूस असा हवा की तो थांबा म्हणाला की सगळे थांबतील. शक्यतो वयानं मोठा, शांत डोक्याचा. पोलिसांना फोन करायचं कामही त्याचंच.

५. मेसेज पुढं ढकलायचा नाही. चोरीची, टोळीची बातमी आली तर आधी ठाण्यात नाहीतर पोलीस पाटलाला विचारायचं. आम्हा पत्रकारांनाही विचारा, आम्ही रात्री अकराला फोन उचलतो. कुणाचा फोटो "हाच चोर" म्हणून टाकणाऱ्याला अ‍ॅडमिननं त्याच मिनिटाला बाहेर काढावं.

६. मंडळात सगळे हवेत. नुसती मेन रोडची दुकानदार मंडळी जमली तर ते दुकानांचं मंडळ होईल. भाड्यानं राहणारे, बाहेरून नोकरीला आलेले शिक्षक-नर्स, पाड्यावरचे, आणि बायका. रात्री पुरुष फिरतात, पण दिवसभर गल्लीत कोण आलं-गेलं हे बायकांनाच ठाऊक असतं. त्यांना बैठकीत खुर्ची द्या, चहा करायला आत पाठवू नका.

७. पैशाचा हिशोब फळ्यावर. कॅमेऱ्यासाठी वर्गणी गोळा झाली तर किती जमली, किती खर्चली, हे लिहून लावा. कॅमेरा बसवताना नारळ फोडणारे दहा असतात. सहा महिन्यांनी तो चालू आहे का हे बघणारा एक तरी ठरवा. आणि कुणाच्या घराच्या दारात, मोरीत डोकावणारा कॅमेरा नको.

८. कामाला जाणाऱ्यांची यादी. दिवाळीनंतर कोणतं घर बंद राहणार, कुणाचा फोन नंबर काय, किल्ली कुणाकडं, हे मंडळाला माहीत असावं. ही यादी वहीतच राहावी, ग्रुपवर नको. नाहीतर चोराला आपणच पत्ता दिल्यासारखं होईल.

हे झालं आपलं काम. आता पोलिसांकडं मागायचं तेही मागू. गस्त घालणारे रहिवासी हे ठाण्याचे फुकटचे नोकर नाहीत. आम्ही जागायचं आणि तक्रार द्यायला गेलं की "चोरी गेला असं नको, हरवला असं लिहा" हे ऐकायचं, असं चालणार नाही. हा अनुभव महाराष्ट्रात कित्येकांना आलेला आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, आणि तिची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, नोंद नाकारता येत नाही. मंडळानं ठाण्याशी महिन्याला एक बैठक मागावी. त्या बैठकीत तीनच प्रश्न विचारावेत. महिन्यात आपल्या भागात किती गुन्हे नोंदले? किती उघड झाले? पुढच्या महिन्यात रात्रीची गाडी कोणत्या भागात जास्त फिरणार? उत्तर आलं तर वहीत लिहा. नाही आलं तर तेही लिहा.

तक्रारी ऐकल्या नाहीत की काय होतं, त्याचंही उदाहरण महाराष्ट्रात आहे. नागपूरच्या कस्तुरबा नगरच्या वस्तीनं अक्कू यादव नावाच्या गुंडाचा त्रास वर्षानुवर्षं सोसला. १३ ऑगस्ट २००४ ला जमावानं कोर्टाच्या आवारातच त्याचा जीव घेतला, त्यात वस्तीतल्या बायका पुढं होत्या. त्या दिवसाचं समर्थन मी करणार नाही. पण तो दिवस येईपर्यंत किती तक्रारी वाया गेल्या असतील, हा प्रश्न प्रत्येक ठाण्यानं स्वतःला विचारायला हवा.

शेवटचं. कोणत्याही पक्षाच्या भाऊ-दादाच्या फोटोखाली हे मंडळ निघू नये. बॅनर लागला की निम्मी गल्ली घरात बसते. निवडणूक झाली की मंडळ पण संपतं. चोराला मात्र निवडणूक नसते.

ज्यांना हे पटतंय त्यांनी आपल्या गल्लीतल्या पाच घरांची दारं वाजवा. ग्रुप नंतर काढा. आधी दोनशे पानांची एक वही आणा, पहिल्या पानावर "कुणालाही मारायचं नाही" लिहा, आणि दुसऱ्या पानावर आपलं नाव. मग ठाण्यात जाऊन पोच घ्या. बैठक कधी ठेवताय ते खाली कमेंटमध्ये कळवा. बातमी करायला मी येतोच, आणि माझ्या गल्लीच्या वहीत माझं नावही असेल.